रोज एक मिलीमीटर

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कॉलेजात दोन गोष्टी एकदमच येतात. बाहेरच्या दोन आंब्यांना मोहोर आणि आतल्या साठ मुलांना अभ्यासाची आठवण. खिडक्या उघड्या ठेवल्या तर मोहोराची भुकटी बाकांवर येऊन बसते आणि बंद केल्या तर मुलं उकडतंय म्हणून कुरकुरतात. मी नाकाला रुमाल लावून, शिंका आवरत, मज्जासंस्थेचा धडा शिकवते. गेली कित्येक वर्षं हा धडा याच दिवसांत येतो, कारण मी तो मुद्दाम शेवटी ठेवते. विभागात कुणी विचारलं तर पोर्शन मोठा आहे असं सांगते. मोठा वगैरे काही नाही. मला तो मोहोराच्या वासातच शिकवायचा असतो, एवढंच.

शिकवते अर्थात हिंदीत. घरी मराठी, दारावर भाजीवालीशी छत्तीसगढी आणि वर्गात हिंदी, अशी रायपुरात वाढलेल्या आमच्यासारख्यांची जीभ दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत असते. मुलांना मी सांगते, पाठीच्या कण्याशेजारी एक पेशी बसलेली असते. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान. पण तिचा एक धागा निघतो तो थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. आईच्या पोटात जीव आकार घेत असतो तेव्हा हा धागा आयता तिथं नसतो. तो कण्यापाशी निघतो आणि आपल्या पायांनी जातो. त्याच्या टोकाला एक चिमुकला पंजा असतो आणि त्या पंजाला केसाहून बारीक बोटं असतात. ती बोटं पुढे होऊन चाचपत राहतात. इथं टेकायला बरं आहे का, तिकडून जे झिरपत येतंय ते आपल्याला बोलावतंय की हाकलतंय. बरं वाटलं तर तो पुढे सरकतो, नाही तर मागे येऊन दुसरीकडे वळतो. हे सांगताना मी उजवा हात लांब करून बोटं वळवळवते. माझ्या या हाताची नक्कल स्नेहसंमेलनात दरवर्षी होते, हे मला ठाऊक आहे.

यंदा हात लांब केलेला असतानाच तिसऱ्या बाकावरून खिलेश्वरीनं हात वर केला. ही मुलगी बीरगांवहून दोन ऑटो बदलून येते. वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ‘मैडम, कट जाए तो फिर से जाता है क्या?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, मेंदूत आणि कण्यात अवघड, पण हातापायात जातो. किती दिवसांत, असं तिनं विचारलं. मोटा-मोटी रोज एक मिलीमीटर, मी सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि मग पेन खाली ठेवून स्वतःच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत वितीनं मोजायला लागली. ही मुलगी परीक्षेसाठी विचारत नाहीये, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्या घरी तो धागा दिवाळीच्या साफसफाईत कापला गेला होता.

मी तेव्हा बारावीत होते. बाबा रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क, वर्धेहून बदलीनं आलेले आणि मग इथंच रुजलेले. रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या समोरच्या खोलीत आईचं शिलाईचं मशीन होतं. आई ब्लाउज शिवायची. कॉलनीतल्या मराठी बायका तर होत्याच, पण पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, साहू, वर्मा मंडळींच्या लेकीसुनाही पंडरीच्या कापडबाजारातून साडीच्या रंगाचं कापड घेऊन थेट आमच्याकडे यायच्या. आई कापडाचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून एकदा चोळायची आणि कापड कसलं ते सांगायची. दुकानदारानं टू बाय टू रुबिया म्हणून भलतंच काही गळ्यात मारलं असेल तर बाईला परत पाठवायची. डोळे मिटूनसुद्धा तिला कळायचं. मी लहानपणी किती वेळा परीक्षा घेतली होती तिची, एकदाही नापास झाली नाही.

त्या दिवशी ती स्टुलावर चढून दारावरच्या झरोक्याची काच वर्तमानपत्रानं पुसत होती. काचेला आधीच चीर होती. ती निसटली आणि उजव्या हाताला आतल्या बाजूनं, मनगटाच्या चार बोटं वर कापून खाली आली. कातडी शिवली गेली, नसही शिवली गेली. मज्जातंतू हा शब्द फक्त माझ्या पुस्तकात होता, घरात सगळे नसच म्हणायचे. डॉक्टर मोठे शांत होते. त्यांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. कापलेल्या जागेच्या खालचा धागा मेला असं समजा, पण त्याचं वेष्टण शिल्लक आहे, रिकाम्या पाइपासारखं. वरून नवा धागा फुटेल, त्या पाइपात शिरेल आणि खाली बोटांपर्यंत जाईल. रोज साधारण एक मिलीमीटर, घाई करता येणार नाही. धागा कुठवर पोचला हे बघायचं असेल तर बोटांकडून वर ठोकत यायचं, जिथं पहिल्यांदा झिणझिण्या येतील तिथं त्याचं टोक आहे. पंधरा दिवसांतून एकदा बघितलं तरी पुरे, असं ते म्हणाले होते.

आम्ही रोज बघायला लागलो. पंधरा दिवस थांबायचा धीर आमच्या घरात कुणाकडे होता!

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, यांतली सगळी जाणीव गेली होती. बोटं जागेवर होती, थोडीफार हलतही होती, पण ती आईची राहिली नव्हती. बाबा म्हणायचे, बाकीची दोन आहेत ना, होईल हळूहळू. पण सुई धरायला, हूक लावायला, कापड ओळखायला नेमकी हीच तीन लागतात. एकदा आई पोळी उलटताना तव्याला बोट टेकवून उभी होती. मला आधी वास आला, काहीतरी जळल्याचा. मी ओरडले तेव्हा तिनं हात मागे घेतला आणि बोटाकडे अशी पाहत राहिली की जणू शेजारणीचं बोट भाजलंय. त्या दिवसापासून पोळ्या मी करायला लागले. मशीनवर फुलाफुलांचं अभ्र्याचं कापड टाकलेलं होतं ते तसंच राहिलं. बायका येऊन न शिवलेली कापडं घेऊन जायच्या, आणि आई ती डाव्या हातानं घडी घालून, वर हसून, परत करायची.

आणि तरी त्या हिवाळ्याची मला आज इतकी ओढ वाटते की स्वतःचीच लाज वाटावी.

दिवेलागणीनंतर मी पलंगावर मांडी घालून बसायची. मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक, पुस्तकावर आईचा हात, माझ्या एका हातात निळं बॉलपेन आणि शेजारी तिचाच माप घ्यायचा टेप. स्वयंपाकघरातून लाखडीच्या पाल्याची भाजी शिजल्याचा वास येत असायचा. बाहेर मालगाडी जायची तेव्हा पलंग बारीक थरथरायचा आणि आम्ही दोघी ती जाईपर्यंत थांबायचो. आई डोळे मिटायची. मी तिच्या बोटांपासून ठोकायला सुरुवात करायची. ‘नाही. नाही. नाही व. नाही.’ आणि मग कुठंतरी एकदम, ‘हां.’ तिथं मी निळा ठिपका द्यायची. आंघोळीत ठिपका पुसट व्हायचा, पण पूर्ण जायचा नाही. त्यामुळे टाक्यांच्या व्रणापासून खाली तिच्या हातावर निळ्या खुणांची एक वाकडीतिकडी रांग तयार झाली होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारायच्या. आई सांगायची, ‘पोट्टी माह्या हातावर अभ्यास करून राहिली.’

आकडे लिहायला तिची मापाची वही होती. छाती, कंबर, बाही, गळा असे रकाने पाडलेली लांबट वही. तिच्या शेवटच्या पानांवर मी तारीख घालून आदल्या दिवसापेक्षा टोक किती पुढे गेलं ते लिहायची. कधी दोन, कधी शून्य. सलग तीन दिवस शून्य आणि मग एकदम तीन. एकदा तर कालच्यापेक्षा मागे. मला भयंकर राग यायचा. मी पुन्हा ठोकायची, जोरात ठोकायची. आई डोळे न उघडता म्हणायची, ‘जबरदस्ती काय करतं, ते का माह्यं ऐकते?’ मी तेव्हा डॉक्टरांचा रोजचा एक मिलीमीटर म्हणजे वेळापत्रक समजत होते. बारावीतल्या मुलीला छापील आकड्यावर जितका विश्वास असतो तितका माझा होता.

तेव्हाच कधीतरी पुण्याच्या कॉलेजचा विषय निघाला होता. मला तिथं जायचं होतं हे खरं, पण माझ्यापेक्षा ते आईला हवं होतं. ती स्वतः वर्धेला बारावीपर्यंत शिकली होती, पुढचं राहून गेलं होतं आणि त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. मी एकदा पोळ्या लाटता लाटता सहज बोलून गेले की इथंच रायपुरात घेते प्रवेश, तुझा हात असा असताना मी कुठं जाऊ. आई त्यावर काही बोलली नाही. आमच्याकडे आई गप्प बसली की ते प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चालायचो.

फेब्रुवारी आला, कॉलनीतल्या आंब्यांना असाच मोहोर आला आणि एका संध्याकाळी आईनं आपला हात माझ्या पुस्तकावरून उचलून घेतला. म्हणाली, तुझी परीक्षा तोंडावर आली, आता मोजायचं काम मी बघते. मला थोडं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्यानंतर मी आतल्या खोलीत घोकत असायची आणि ती स्वयंपाकघरातून आकडा सांगायची. ‘आज एक.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज एक.’ वहीत ती डाव्या हातानं लिहायची. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण आकडा ठाम. मार्चमध्ये पेपर देऊन उन्हातून घरी यायची तेव्हा दारात पहिला प्रश्न माझा असायचा, कुठवर आलं, आणि तिचा असायचा, कसा गेला. दोघींची उत्तरं ठरलेली होती. चांगलं चाललंय आणि बरा गेला.

फॉर्म भरायच्या दिवशी मी पेन हातात घेऊन बसून राहिले होते. आई समोर येऊन बसली आणि तळहात उघडून पुढे केला. ‘ठोक,’ म्हणाली. तिनं डोळे मिटले. मी मधल्या बोटाच्या टोकापासून सुरुवात केली. नाही, नाही, नाही. तळहाताच्या मध्यावर आले तशी ती म्हणाली, ‘हां.’ मी पुन्हा ठोकलं. पुन्हा हां. धागा मनगट ओलांडून तळहातात शिरला होता, म्हणजे पावसाळा संपेस्तोवर बोटांत येणार, हिशेब सरळ होता. मी तिच्या गळ्यात पडले आणि फॉर्म भरला. निघताना मापाच्या वहीतली ती शेवटची दोन पानं फाडून घेतली, आठवण म्हणून. आई देत नव्हती, तर मी हिसकावून घेतली.

पुण्यात ऑगस्टमध्ये आमच्या बाईंनी एक फिल्म दाखवली. काचेच्या ताटलीत वाढणारी एक चेतापेशी, तासन्‌तासांची वाढ पाच मिनिटांत. तो चिमुकला पंजा मी पहिल्यांदा हलताना पाहिला. तो पुढे सरकला, थांबला, बोटं पसरून इकडेतिकडे चाचपत बसला, एक बोट मागे घेतलं, सगळाच मागे आला, पुन्हा निघाला, वळला. बाईंनी एवढंच सांगितलं की हा कधीही एका चालीनं जात नाही हे बघून ठेवा. अंधाऱ्या हॉलमध्ये मुली कौतुकानं पाहत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मापाच्या वहीतली ती दोन पानं आली.

खोलीवर येऊन मी ती पानं काढली. एका पानावर माझं अक्षर. दोन, शून्य, शून्य, एक, तीन, पुन्हा शून्य, एके ठिकाणी उणे एक. दुसऱ्या पानावर आईचं डावं अक्षर. एक, एक, एक, एक. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत एकही दिवस कमी नाही, एकही जास्त नाही. होळीत तिला चार दिवस सपाटून ताप होता, त्या दिवसांतही एक. मावशीकडच्या लग्नाला ती वर्धेला गेली होती आणि वही घरी माझ्या टेबलावर पडली होती, त्या तारखांनाही एक. आयुष्यभर ब्लाउजला एकसारखे टाके घातलेली बाई. खोटं लिहायला बसली तेव्हाही तिच्या हातून वाकडातिकडा टाका पडला नाही.

तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत आम्हा दोघी मुलींत मिळून एक मोबाईल होता. मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला आणि आई आंघोळीला गेली आहे असं सांगितलं. मागून आईचा आवाज येत होता. मी म्हटलं, तिला द्या. तिनं फोन घेतला तशी मी विचारलं, खरं सांग, कुठवर आलं होतं.

‘मनगटाच्या वर,’ ती म्हणाली. ‘फेब्रुवारीपासून तिथून हाललंच नाही.’

‘मंग मी ठोकलं तवा हां काहून म्हटलं?’

‘नाही म्हटलं असतं तर तू फॉर्म भरला असता काय?’

मग ती दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत गेली. मी पुण्याला गेल्यावर महिन्याभरात पुन्हा ऑपरेशन झालं होतं. आत व्रणाची गाठ झाली होती, धागा तिच्यात अडकून बसला होता, ती मोकळी केली. टाके परवाच निघाले होते. आधी दाखवायला गेलो असतो तर आधीच झालं असतं, डॉक्टर थोडे रागावले, पण आता जाईल म्हणाले. एवढं सांगून तिनं मी जेवले का ते विचारलं.

मी आठ दिवस फोन केला नाही. मला तिचा संताप आला होता. माझ्या बोटाखाली, माझ्या डोळ्यांदेखत, डोळे मिटून ती खोटं बोलली होती आणि त्यापायी तिनं आपल्या हाताचे पाच-सहा महिने घालवले होते. आणि मला तिची अशी आठवण येत होती की मेसमध्ये पोळीचा तुकडा मोडून तसाच ताटात परत ठेवायची. दोन्ही एकदमच होतं. पुढे वर्गात शिकले की गर्भात असे धागे गरजेपेक्षा कितीतरी जास्त निघतात. जे आपल्या जागी पोचतात त्यांना त्या जागेकडूनच काहीतरी पोषण मिळतं, त्यावर त्यांची मागे बसलेली पेशी जगते. ज्यांना जागा सापडत नाही ते वाळून जातात, पेशीसकट. इतर मुलींनी ते लिहून घेतलं. मी त्या दिवशी तास संपायच्या आत बाहेर येऊन घरी फोन लावला आणि काहीच न सुचून आईला विचारलं की आज भाजी कसली केली.

धागा खरंच निघाला. मी दिवाळीत आले तेव्हा तळहातात होता, या वेळी खरा. पुढच्या उन्हाळ्यात बोटांत जान आली. डॉक्टरांनी नवा अभ्यास दिला, धान्यात वस्तू लपवून न बघता ओळखायचा. अभनपुरहून आलेला वर्षाचा तांदूळ आमच्याकडे मोठ्या पिंपात असायचा. त्यातला थोडा परातीत काढून मी त्यात चिंचोका, बटण, किल्ली, बांगडीचा तुकडा लपवायची. आई डोळे मिटून परातीत हात घालायची आणि तिच्या बोटांतून तांदूळ सरसरत खाली पडायचा. किल्ली लगेच ओळखायची. बटण दहातून सात वेळा. हूक मात्र कधीच नाही. त्याच खेळात आम्हाला कळलं की तर्जनीला हात लावला तर तिला मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटतं, आणि मधल्याचं अंगठ्यात जातं. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. नवा धागा पुष्कळदा शेजारच्या पाइपात शिरतो आणि भलत्या बोटात पोचतो. वर मेंदूला त्याचा पत्ता नसतो, तो आपल्या जुन्याच नकाशावरून सांगत राहतो.

आईनं ते मनावर घेतलं नाही. तिनं स्वतःशी भाषांतर करायला सुरुवात केली. मधल्यात वाटतंय म्हणजे तर्जनी, अंगठ्यात वाटतंय म्हणजे मधलं. दोन वर्षांत इतकी सरावली की तिला विचार करावा लागतो हे बघणाऱ्याला कळायचंही नाही. मशीनवरचं कापड निघालं, बायका परत यायला लागल्या. कापड मात्र ती डाव्या हातानं ओळखायची आणि हूक उजेडात बसून, बघून लावायची. मी शिकून परत आले, आता राजधानी झालेल्या रायपुरातच कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, घर वेगळं झालं तरी पंधरा मिनिटांवर. रविवारी जायची. भाजी निवडत आम्ही जगभराच्या गप्पा मारायचो. पण मोठी झालेली मुलगी आईचा हात मांडीवर घेऊन बसत नाही. तसं बसायला काही कारण लागतं, आणि हात बरा झाल्यावर कारण राहिलं नव्हतं. मोहोर आला की मला वाटायचं, अजून थोडे दिवस तो धागा अडखळत राहिला असता तर. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार.

खिलेश्वरी तास संपल्यावर दाराशी थांबली होती. तिच्या वडिलांचा हात डिसेंबरमध्ये कामावर पत्र्यानं कापला गेला होता. नस शिवली होती आणि आता ते रोज तिला सांगतात की बरं वाटतंय. मी विचारलं, ‘रोज?’ ती म्हणाली, ‘हव मैडम, रोज.’ मी तिला ठोकून बघायची पद्धत दाखवली, तिच्याच हातावर. पुस्तकात एक मिलीमीटर लिहिलंय, पण कधी दोन जातो, कधी दिवसचे दिवस काही नाही, आणि बाबूजी रोज एक सांगायला लागले तर सरळ डॉक्टरकडे घेऊन जा, असं सांगितलं. तिनं मान डोलावली. मग जाता जाता विचारलं, तुमच्या घरी कुणाचा कापला होता का. मी आईचा म्हटलं. ‘आ गया था वापस?’ मी म्हटलं, हो, आला होता. तिचा चेहरा उजळला आणि ती ऑटो पकडायला पळाली. मी वर्गाच्या दारात तशीच उभी राहिले.

आई गेल्या वर्षी याच दिवसांत गेली. शेवटचा आठवडा दवाखान्यात होती. बहुतेक वेळ डोळे मिटलेले असायचे. एका दुपारी बाबा घरी जेवायला गेले होते, पडद्यातून ऊन येत होतं आणि मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. तिची तर्जनी माझ्या हातात होती. किती वर्षांनी मी अशी निवांत तिचा हात धरून बसले होते. ती पुटपुटली, ‘मधलं बोट काहून धरून राहिली व?’ तिचं भाषांतर थांबलं होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात केलेलं ते काम तिनं खाली ठेवलं होतं. मला वाटलं, तिला जिथं वाटतंय तिथंच धरावं, म्हणून मी तर्जनी सोडून मधलं बोट धरलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ‘सोडलं काहून?’ ती म्हणाली. मी गोंधळले, पुन्हा तर्जनी धरली, मग अंगठा. तिचा चेहरा चुकल्यासारखा झाला, गर्दीत कुणाला शोधावं तसा. मग मी पाचही बोटं तळहातासकट माझ्या दोन्ही हातांत घेतली आणि घट्ट धरून ठेवली. कुठलं कुठं पोचत होतं कोण जाणे. तिची आठी हळूहळू गेली.

‘हां,’ ती म्हणाली. ‘आता हायेस.’